जास्तीचा कप

कवी मेला की त्याचे वाचक वाढतात म्हणतात. आमच्या काकांचे तेवढेही वाढले नाहीत. त्यांच्या मुलीने पदरमोड करून बापाच्या सगळ्या कविता एका जाड पुस्तकात आणल्या आणि पहिली प्रत माझ्या शंकर नगरच्या घरी घेऊन आली. नव्या रायपूरच्या ऑफिसातून थेट आली होती, पाणीसुद्धा उभ्यानेच प्यायली.

"दीदी, प्रकाशनाला तुम्हीच बोला," ती म्हणाली. "बाबा को यहाँ और किसी ने पढ़ा ही नहीं."

मी हो म्हटलं. खरं म्हणजे मीही वाचलं नव्हतं.

काका रेल्वेत बाबू होते, आमच्याच कॉलनीत चार घरं सोडून राहायचे. हयातीत दोन बारीक संग्रह निघाले. पुण्या-मुंबईच्या समीक्षकांना रायपूर नकाशात शोधावं लागलं असतं, आणि रायपूरच्या मराठी घरांत पोरं हिंदीत उत्तरं द्यायला लागली होती. पण कॉलनीत लग्न निघालं की सगळ्यांना काकांची आठवण यायची. मंगलाष्टकं लिहावीत तर त्यांनीच. मुलीचं नाव, मुलाचं नाव, दोन्हीकडचे आजी-आजोबा, सगळे वृत्तात चपखल बसवून द्यायचे. लोक त्यांना कवी म्हणायचे ते एवढ्यासाठीच. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, पण काकांच्या बाबतीत विकायचं ते त्यांचं खरं पीकच नव्हतं.

माझ्या लग्नातही त्यांनीच लिहिली. पाच कडवी होती. चार नेहमीची, देवादिकांची. पाचव्यात त्यांनी माझ्या आईबद्दल लिहिलं होतं: उद्या सकाळी ती सवयीने चहाचा एक कप जास्त भरेल, आणि मग तिच्या लक्षात येईल.

मी चोवीस वर्षांची होते, आणि सासर नागपूरचं; रायपूरला परत आले ती फार पुढे. त्या मंडळींपुढे मांडवात चहाच्या कपाचं काय गायचं, या विचाराने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी कागद घेऊन काकांकडे गेले. काकूंनी माझ्यापुढे चहा ठेवला, काकांपुढे पाण्याचा तांब्या.

"काका, हे शेवटचं काढता का? आई म्हणते, मांडवात शुभ बोलावं."

आईने तो कागद पाहिलासुद्धा नव्हता. स्वतःची लाज मी बिनदिक्कत तिच्या नावावर खपवली.

काकांनी ते कडवं पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाले, "बरोबर आहे पोरी. मांडवात नाही शोभत ते." माझा चहा संपायच्या आत त्यांनी तिथे लक्ष्मी-नारायणाचं कडवं लिहून दिलं. लग्नात आत्यांनी ते तार स्वरात गायलं, नागपूरकर खूश झाले, आणि मी तो विषय पार विसरले.

आता पुस्तक उघडलं आणि तीन दिवस दुसरं काही सुचलं नाही. एकही शब्द सजवलेला नाही. भनपुरीच्या रस्त्यावर ट्रकखाली सावलीला झोपलेला ड्रायव्हर, बदली झालेल्या साहेबाच्या रिकाम्या क्वार्टरमध्ये एकटंच फुललेलं जास्वंद. हा माणूस चार घरांवर राहत होता आणि आम्ही त्याच्याकडून आजी-आजोबांची नावं वृत्तात बसवून घेत होतो. मला स्वतःचा फार राग आला.

निम्मं पुस्तक संपल्यावर ती कविता आली. वर माझ्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशीची तारीख. आधी तेच कडवं, वृत्त मोडून मोकळं केलेलं, आणि खाली चार नव्या ओळी:

ओळ परत आली.
म्हणून सकाळी मीच गेलो,
न बोलावता,
आणि जास्तीचा कप उचलला.

मी पुस्तक मिटलं. कारण ती सकाळ मला ठाऊक होती. आईने ती गोष्ट शंभरदा सांगितली होती. माझ्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तिने खरोखर एक कप जास्त भरला, आणि ती त्याच्याकडे बघत उभी असताना काका दारात आले. बसले, औषध घ्यावं तसा एका दमात चहा प्याले आणि ऑफिसला गेले. आई हसून म्हणायची, "कवीले चहाचा वास बराबर येते." आम्हीही हसायचो.

प्रकाशनाला इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये पंचवीसेक लोक होते, बहुतेक पेन्शनर. मी लिहून नेलेलं भाषण पर्समध्येच ठेवलं आणि हे सगळं सांगितलं. आईचं नाव खोटं घेतलं तेही सांगितलं. मग ती कविता वाचली. समोर बसलेल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. त्यांच्यातल्या बऱ्याच जणींच्या लग्नात काकांचीच मंगलाष्टकं झाली होती.

कार्यक्रम संपल्यावर काकांची मुलगी माझ्याजवळ आली. मराठी ती अक्षर लावून लावून वाचते. ही कविता तिने छापली होती, पण तिचा अर्थ तिला आज लागला होता. तिने माझा हात धरला.

"दीदी, पण बाबा चहा पीतच नव्हते. उनको चलती ही नहीं थी, लगेच पोटात जळजळ व्हायची. घरी चहा फक्त आईसाठी बनायचा."

त्या सकाळनंतर आईचा पक्का समज झाला होता की काकांना चहा फार आवडतो. पुढे वीस वर्षं ते कधीही आमच्या घरी आले की ती विचारायचीसुद्धा नाही, आधण ठेवायची. आणि वासाचा तो विनोद त्यांच्या तोंडावर पुन्हा सांगायची. काका हसायचे, आणि कप रिकामा करून खाली ठेवायचे.