फोरमनचा रिकामा पेला

माझ्या मेव्हण्याची नोकरी मी एकदा पाणी पिऊन घालवत आणली होती.

तेलाच्या तेजीचे दिवस. सौदीत धाहरानजवळच्या साइटवर मी पाइप वेल्डर. शिक्षण चौथी, पण माझा एकही जॉइंट एक्स-रेत फेल झाला नाही. मेव्हण्याचे, वसंताचे, लागोपाठ दोन झाले. (त्याला कामाला मीच लावला होता.) त्याला तिसरी टेस्ट द्यायची की घरी पाठवायचं, हे जपानी फोरमन शनिवारी ठरवणार होता. तिकडून बायकोचं पत्र: वसंता परत आला तर तुम्ही येऊ नका.

आणि शुक्रवारी संध्याकाळी फोरमनने आम्हा दोघांना जेवायला बोलावलं.

जपान्यांच्या कॅम्पात त्यांच्या स्वयंपाक्याने एका पोर्टा केबिनमध्ये आपल्या गावच्यासारखी खानावळ थाटली होती. दारावर अर्धा निळा पडदा, आत कागदी कंदील, बुटकं मेज, आठ माणसं जेमतेम मावतील एवढी जागा. त्यांच्या देशात अशा ठिकाणी दारू पितात म्हणे. इथे दारू म्हणजे तुरुंग, म्हणून भाजलेल्या सातूचं गार पाणी. बूट काढतानाच मी वसंताला बजावलं, "मी करतो तेच करायचं. जपानी माणूस मला कळतो." (तीन वर्षांत आमचं बोलणं 'गुड' आणि 'नो गुड' एवढंच.)

फोरमनने आमचे पेले भरले. आपल्यात भांड्यात काही टाकायचं नसतं. मी घटाघट संपवला. त्याने लगेच भरला. मी संपवला. त्याने भरला. चौथ्याला माझ्या लक्षात आलं, हा माझी परीक्षा बघतोय. वसंता तिसऱ्यालाच गळाला. मी कसला हटतो!

अकराव्या पेल्याला कपाळावर घाम आला. पोटात टाकी, उठावं तर हरलो. समोर फोरमन खारट मासा खात होता, सारखे ओठ चाटत होता, पण पाण्याचा घोट घेत नव्हता.

"भावजी," वसंता कुजबुजला, "साहेबांचा पेला मघापासून रिकामा आहे."

"गप. साहेबाच्या भांड्याला हात लावायचा नसतो."

"तहान लागलीय त्यांना."

मी मेजाखालून त्याला लाथ हाणली. ती फोरमनला लागली.

स्वयंपाक्याची सुरी थांबली. फोरमन माझ्याकडे बघत राहिला, आणि मला एक नाही, दोन इकामे (तिथे राहायचे परवाने) जमा होताना दिसले. तेवढ्यात वसंताने सुरई दोन्ही हातांनी उचलली आणि फोरमनचा पेला भरला.

फोरमनने तो एका दमात रिकामा केला, डोळे मिटले आणि पेला पुन्हा पुढे धरला.

स्वयंपाकी आमच्या मेसच्या आचाऱ्याबरोबर मासळी आणायला जायचा, त्यामुळे त्याला थोडी हिंदी येत होती. त्याने मला समजावलं: आमच्यात स्वतःचा पेला स्वतः भरत नाहीत, समोरच्याने भरायचा. आणि नको असेल तर आपला भरलेलाच ठेवायचा.

"गुड," फोरमन वसंताला म्हणाला. "सॅटरडे, टेस्ट." मग माझ्याकडे वळला. मी 'गुड' की 'नो गुड' हे ऐकायला थांबलो नाही. अनवाणीच बाहेर धावलो.

वसंता पास झाला, नऊ वर्षं टिकला, आणि घरातल्या प्रत्येक लग्नात हे सांगतो. सांगू दे. मी फोरमनला तासभर तहानलेला ठेवला नसता, तर याने पेला कुणाचा भरला असता? नोकरी मीच वाचवली. बायकोला मात्र अजून पटत नाही. जेवताना तांब्या माझ्याकडे सरकवते आणि म्हणते, "तुमचं तुम्ही घ्या."