बंपरवरचा पिवळा ओरखडा

"आई, या शनिवारी गाडी आणू नकोस. फार जुनाट दिसते गं. सोसायटीत सगळे बघतात."

लेक फोनवर एवढंच म्हणाली आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. दोन वर्षं दर शनिवारी मी राजाजीनगरहून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, व्हाइटफील्डला तिच्याकडे जाते, नातीला गाडीत घालते आणि पोहायच्या क्लासला नेते. आठवड्यातले तेवढे दोन तास माझे. गाडी दिसायला बरी नाही म्हणून ही बया त्यावर काट मारणार?

खाली जाऊन गाडी बघितली. पत्रा ठणठणीत होता. बंपर, दारांच्या पट्ट्या, आरशांची टोपणं, सगळं काळं प्लॅस्टिक मात्र राखेसारखं पांढुरकं पडलेलं. मी जन्मभर सरकारी प्रयोगशाळेत प्लॅस्टिकच तपासत आले. उन्हानं वरचा थर मरतो, आतलं शाबूत असतं, हे मला कुणी शिकवायला नको. शेजारीण म्हणाली, खोबरेल चोळा. म्हटलं, भजी तळायचीत का? तेलानं दोन दिवस चकाकतं, मग अख्ख्या रस्त्याची धूळ येऊन चिकटते.

प्लॅस्टिक काळं करायचं औषध आणलं. दुकानदार म्हणाला, "अम्मा, स्वल्प स्वल्प लावा. जास्ती झालं तर ओघळतं." मला सांगतोय! सावली बघून बसले. शॅम्पूचं पाणी आणि दातांचा ब्रश घेऊन खाचन्‌खाच घासली, रंगाच्या कडेला टेप लावली, स्पिरिटनं पुसलं. आठवडाभर रोज सकाळी थोडं थोडं. कंबरेचा पार भुगा झाला.

मागच्या डाव्या कोपऱ्यात, धुळीखालून, वीतभर पिवळा ओरखडा निघाला. रंग प्लॅस्टिकमध्ये रुतून बसलेला. मेला कुठला तरी ऑटोवाला घासून गेला असणार. या गावात पिवळं आणि आडमुठं दुसरं काय असतं? नखानं खरवडला, वरून दोनदा औषध फिरवलं. बंपर काळाकुळकुळीत झाला आणि ते पिवळं उलट जास्तच उठून दिसायला लागलं. दिसू दे, म्हटलं.

शनिवारी न कळवताच गेले. लेकीच्या इमारतीच्या तळघरात गाडी लावली आणि तिला खाली बोलावलं.

"बघ आता. आहे का जुनाट?"

तिनं गाडीकडे धड बघितलंही नाही. ती माझ्या मागच्या खांबाकडे बघत होती. खांबावर काळे-पिवळे पट्टे होते आणि खालचा पिवळा पट्टा बंपरच्या उंचीवर खरवडून निघाला होता.

"हे कुणी केलं?" मी विचारलं.

"तू. गेल्या महिन्यात, गाडी मागे घेताना. तुझी नात आत बसली होती, आई. घरी येऊन म्हणाली, 'मी आजीला सांगितलं, आपटलं म्हणून, तर आजी म्हणाली, कुठे काय.'"

मला आठवेना. खरंच आठवेना. आणि त्याचाच जास्त राग आला.

"मग जुनाट, जुनाट काय लावलं होतंस? तोंडावर सांगायला काय झालं होतं तुला? आठवडाभर वेड्यासारखी घासत बसले मी!"

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

नसतं ऐकलं. खांबच भलत्या जागी बांधलाय म्हणाले असते, वर महिनाभर अबोला धरला असता. तरी तिनं मला असं गुंडाळायला नको होतं. मी काय कुक्कुलं बाळ आहे?

तेवढ्यात नात पोहायची पिशवी घेऊन आली. मी स्टीअरिंगकडचं दार उघडून उभी होते. ती मागे चढली, पट्टा लावला आणि दोन्ही हातांनी पुढची सीट घट्ट धरून बसली. दर शनिवारी ती अशीच बसते. मजा येते म्हणून धरते, असं मला वाटायचं.

मी किल्ली लेकीच्या हातात दिली.