सगळ्यायचं पान, एकट्याचं पान

वेबसाइटवर नवं पान चढवायचं असलं की भाऊ चष्मा काढून टेबलावर ठेवायचे आणि विचारायचे, "ताई, हे पान सगळ्यायचं का एकट्याचं?"

कारंज्यात एसटी स्टँडजवळ, कृषी केंद्राच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. लग्न जुळवायची वेबसाइट. मी फोन घ्यायची, भाऊ सर्व्हर सांभाळायचे. पन्नाशीचे, मूळ किन्हीराजाचे, भाड्याच्या खोलीत एकटे राहणारे. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. सगळे त्याच्याशी कामापुरतं बोलतात, जेवलात का हे कुणी विचारत नाही.

सर्व्हरच्या पुढे त्यांनी रिव्हर्स प्रॉक्सी बसवली होती. ती तयार पानं साठवून ठेवायची आणि पुढच्या माणसाला तीच झटकन द्यायची. लॉगिन केलेल्यांनाही नियमांचं, मेळाव्यांचं पान त्या साठ्यातूनच मिळे. पण ज्यावर माणसाचं नाव, निरोप, फोन नंबर असे, ते एकट्याचं पान दर वेळी सर्व्हरकडूनच ताजं यायचं. ते साठवायचं नाही, अशी भाऊंची सक्त सेटिंग होती.

एकदा ते तापानं खोलीवर पडून होते. लग्नसराईमुळे साइट रखडत होती. मालकांनी बाहेरच्या कुणाकडून सेटिंग बदलून घेतली आणि सगळीच पानं साठवायला लावली. साइट पळू लागली. दुपारी एका माणसाचा फोन आला, "माह्या खात्यात कोन्या बाईचं नाव दिसून राह्यलं."

मी भाऊंना कळवलं. ते तापातच आले आणि साठाच बंद केला. साइट पुन्हा अडखळली.

"काहून बंद केलं?" मालक ओरडले.

"हळू चालू द्या," भाऊ म्हणाले. "तिचं पान दुसऱ्यानं पाह्यलं."

ती इंझोरीची एक विधवा होती. भाऊंनी स्वतः फोन लावून तिला काही न लपवता सांगितलं. तिनं आधी दार लावून घेतलं. मग म्हणाली, "घरी कोनाले माहीत नाही, भाऊ. काढून टाका माहं नाव." तिला फोनवर थांबवूनच त्यांनी खातं पुसलं.

मग जुनी सेटिंग पुन्हा लावली. दोन कॉम्प्युटरवर दोन नावांनी लॉगिन करून, एकाचं पान दुसऱ्याकडे जात नाही ना, हे कितीतरी दिवस तपासत बसले.

काही आठवड्यांनी भाऊंसाठी तिचा फोन आला. "नाव खरंच गेलं ना?"

"गेलं."

पुढेही ती अधूनमधून तेच विचारायची. हळूहळू बोलणं लांबलं. कपाशी, विहिरीचं पाणी, तिची गाभण शेळी. फोन ठेवल्यावर भाऊ नुसतेच बसून राहायचे.

"तुमी काहून नाही टाकत आपलं नाव साइटवर?" मी एकदा विचारलं.

"मले कोन पाह्यते?" ते हसले.

मग एक दिवस तिनंच सांगितलं की भावानं अकोल्याकडचं स्थळ आणलं, लग्न ठरलं. "बरं झालं," भाऊ म्हणाले, आणि थोडं थांबून पुन्हा, "बरं झालं." त्यानंतर तिचा फोन आला नाही. ऑफिसात घंटी वाजली की मात्र ते मान वर करून माझ्याकडे पाहायचे. मी नुसती नकारार्थी मान हलवायची.

दिवाळीनंतर मालकांनी साइट विकली आणि भाऊंचं काम संपलं. मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. किन्हीराजाकडे जाणारी गाडी जवळजवळ रिकामी होती. ते खिडकीशी बसले. शेजारची सीट मोकळी होती, तरी बॅग त्यांनी मांडीवरच धरली, कुणी येईल म्हणून.

गाडी निघाली तेव्हाही तिथे कुणी बसलेलं नव्हतं.