मुंबईचं पाणी मानवलं

लिहायला बसलो खरा, पण आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, आणि मी जे शिकलो ते परीक्षेपुरतं. मी डॉक्टर नाही, लेखक तर नाहीच. किडनीविषयी लिहायचं तर ज्यांनी त्या कामात आयुष्य घातलं त्यांनी लिहावं. तरी लिहितो, कारण माझ्या दादाच्या किडन्या गेल्या तेव्हा त्या चालतात कशा हे अख्ख्या वाडीत एकट्या मला माहीत होतं, आणि त्या माहितीचा त्याला वेळेवर काहीच उपयोग झाला नाही.

दादा आज नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी जी बातमी सांगणार आहे ती वाचताना कुणाची फसगत व्हायला नको.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगरात. रस्त्यावर उतरलात की पुढे चढच. थोडी नाचणी, थोडी वरी, खाली ओढ्याकाठी भाताची दोन खाचरं, बाकी शेळ्या आणि एक म्हैस. वडील मी लहान असतानाच गेले. दादा सातवीनंतर मुंबईला गेला आणि कापडाच्या एका गोदामात गाठोडी उचलायला लागला. त्याच्या त्या उचलण्यावर मी महाडच्या कॉलेजात सायन्सला आलो. महाडात एका खोलीत तिघे राहायचो, आणि शनिवारी मी एसटीने पोलादपूरला येऊन वाडी चढायचो.

दादा पहिल्यापासून काटकुळा. वाडीत त्याला सगळे "काठी" म्हणायचे. ती काठी त्या वर्षीच्या शिमग्याला घरी आली तेव्हा कुणाला पटेना. गाल भरलेले, डोळ्यांखाली फुगीर, मनगटावरचं घड्याळ रुतलेलं. शेजारची काकी अंगणात उभी होती. ती नात्याने आमची कुणी नव्हती, पण दादाच्या जन्माला हीच सुईण, त्यामुळे तिचा हक्क मोठा.

"अगो बाय, हा कोन आला?" ती आईला म्हणाली. "ही तर काठी नाय, खांब हाय!"

"गिरणीतलं पीठ खातो, काकी," दादा हसला.

"पीठ नाय रे. मुंबयचं पानी मानवलं तुला."

झालं. संध्याकाळपर्यंत वाडीभर तेच. जो भेटेल तो त्याच्या दंडाला हात लावून बघे आणि म्हणे, मुंबयचं पानी मानवलं. आईच्या तोंडावरून आनंद ओसंडत होता. इतकी वर्षं पोटाला चिमटा घेणारा मुलगा एकदाचा अंग धरून आला होता. एवढा भरलाय तर नजर लागायची, म्हणून तिने त्याला पाटावर बसवलं आणि मीठ-मिरच्यांनी त्याची दृष्ट काढली. नंतर त्याला आवडते म्हणून सुकट, भाजलेला सुका बोंबील आणि पापड वाढले. तो मुकाट्याने जेवला. जेवण पूर्वीसारखं जात नव्हतं, हे मला दिसलं.

पालखी नाचवताना दरवर्षी तो पुढच्या दांड्याला असे. त्या वर्षी दोन फेऱ्यांत त्याला धाप लागली आणि तो बाजूला दगडावर बसला. पोरांनी टर उडवली. "दादानू, शेट झालात आता! शेट लोकांना पालखी कशी झेपनार?" त्यानेही हसून हात हलवला.

मी त्या सुटीत अभ्यासाचं पुस्तक घेऊन आलो होतो. वार्षिक परीक्षा तोंडावर होती. दुपारी दादा ओटीवर आडवा झाला आणि मी त्याच्या पायथ्याशी बसून पाठ करू लागलो. धडा किडनीचा होता. त्यातली ती बारीक नळी, तिच्या तोंडाशी केशवाहिन्यांचा गुंता, पुढे वळणं. माझ्या डोळ्यांसमोर दादाची पावलं होती. चपलेच्या पट्ट्यांचे खोल वळ पडले होते आणि चपला काढून बराच वेळ झाला तरी ते भरून येत नव्हते. मी ते वळ पाहिले आणि पुन्हा पुस्तकात मान घातली.

त्याच धड्याच्या शेवटी लिहिलं होतं की किडनी बिघडली की शरीरात पाणी साठतं, आधी डोळ्यांभोवती आणि पावलांवर दिसतं. तो शब्द इंग्रजी होता, एडिमा. मी त्याचं स्पेलिंग घोकलं. दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या मला इंग्रजी शब्दांची एवढी धास्ती होती की शब्द पाठ झाला म्हणजे गोष्ट समजली असं मला वाटे. पुस्तकात जो एडिमा होता त्यालाच आमच्या अंगणात "पाणी मानवलं" म्हणत होते, हे काही माझ्या ध्यानात आलं नाही. पाणी हा शब्द तर दोन्हीकडे होता.

शिमगा करून दादा परत गेला. वैशाखात तो गोदामातच गाठोड्यावर कोसळला. सरकारी इस्पितळात नेला तेव्हा कळलं की रक्तदाब कित्येक वर्षांपासून वाढलेला असावा आणि दोन्ही किडन्या जवळजवळ निकामी झाल्या आहेत. डोकं दुखायचं तेव्हा तो दुकानातून गोळी आणून घ्यायचा आणि कामावर जायचा. डोकं का दुखतं हे त्याने कुणाला विचारलं नव्हतं.

लवकरच मशीनवर रक्त शुद्ध करायला लागणार होतं. त्याआधी काही दिवस घरी जाऊन येण्याची परवानगी त्याने डॉक्टरांकडून काढली. अट अशी की मीठ बंद आणि पाणी मोजून. दिवसाला एकच तांब्या, त्यात चहासुद्धा आला.

आमच्याकडे दारात आलेल्याच्या हातात आधी पाणी देतात. बाकी काही असो नसो. आणि ते दिवस तर उन्हाळ्याचे. झऱ्याची धार करंगळीएवढी, बायका एका हंड्यासाठी ताटकळत बसायच्या. असं मिळवलेलं पाणी समोर धरलं आणि माणूस नको म्हणाला, तर लागतंच.

"का रे, आमच्या हातचं चालत नाय आता?" काकी तांब्या धरून म्हणाली. "मुंबयला बाटलीतलं पितोस वाटतं."

दादाने माझ्याकडे पाहिलं. "सांग रे तिला. तू शिकलायस."

मग मी काकीला आणि आईला सांगायला बसलो. म्हटलं, आपल्या कमरेच्या वर मागच्या अंगाला दोन किडन्या असतात. शेळीला असतात ना, ते गुर्दे, तेच. सगळं रक्त पुन्हा पुन्हा त्यांच्यातून जातं. त्या आधी रक्तातलं पाणी, मीठ, साखर, घाण, सगळंच गाळून बाहेर काढतात आणि मग नळीतून पुढे जाता जाता कामाचं तेवढं परत रक्तात घेतात. दिवसभरात हंडेच्या हंडे गाळलं जातं आणि त्यातलं तांब्या-दीड तांब्याच बाहेर पडतं, तीच लघवी. आपण पाणी कमी प्यालो की त्या धरून ठेवतात, जास्त प्यालो की सोडून देतात.

काकीच्या तोंडावर काही दिसेना. मग म्हटलं, "खाचराच्या बांधाला आपण वाट ठेवतो. पाऊस जास्त झाला की उघडतो, कमी झाला की बुजवतो. दादाची ती वाट कायमची बुजलीय. आता वरून पाणी घातलं तर काय होईल?"

"भात कुजंल," काकी म्हणाली.

"तसंच."

"मग बघत काय बसलायस? कुदळ घाल की!"

दादा इतका हसला की त्याला ठसका लागला. "काकी, डॉक्टरला सांगतो, आमची एक बाय येतेय कुदळ घेऊन."

काकी हसली नाही. तांब्या तसाच हातात धरून ती म्हणाली, "म्हंजे तवा जे चढलं होतं ते पानीच होतं?"

आई उठून आत गेली. त्या दिवसापासून काकीने मनाशी घेतलं की तिच्याच तोंडाची नजर लागली. दृष्ट काढली ती काकी बोलल्यानंतर, म्हणजे उशिरा, असा तिचा हिशेब. मी तिला समजावलं की तसं काही नसतं. पण मला स्वतःला समजावायला कुणी नव्हतं.

जायच्या आदल्या दिवशी दादाने मला किडनीचं चित्र काढून दाखवायला सांगितलं. मी अंगणातल्या धुळीत काटकीने काढलं. गुंता, नळी, वळणं, सगळं. तो गुडघ्यावर हनुवटी टेकून बघत होता.

"हे परीक्षेत आलं होतं?"

"हो."

"बरोबर काढलं होतंस?"

"पूर्ण मार्क मिळाले."

त्याचा चेहरा उजळला. "आईला सांगितलंस का? वेडा हायस. असलं सांगायचं असतं." आणि त्याने आईला हाक मारून ते चित्र दाखवलं. ज्या किडन्यांपायी तो मरणार होता त्यांचं चित्र भावाला चांगलं काढता येतं, याचा त्याला अभिमान वाटत होता. त्याच्या जागी मी असतो तर विचारलं असतं, मग शिमग्याला तुझे डोळे कुठे होते? त्याने कधीच विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

पुढे मशीन सुरू झालं. तसलं मशीन तेव्हा आमच्या बाजूला नव्हतं, त्यामुळे त्याला मुंबई सोडता येईना. आठवड्यातले ठरलेले दिवस इस्पितळात, उरलेले दिवस खोलीत पडून. भाताची लावणी झाली, कापणी झाली, तो आला नाही. डॉक्टरांनी सांगितलं की घरातल्या कुणाची किडनी जुळली तर बसवता येईल. माझी बसणार नाही हे मला तपासणीआधीच माहीत होतं. कॉलेजच्या प्रॅक्टिकलला मी स्वतःचं बोट टोचून रक्तगट काढला होता, बी. दादाचा ओ. ओ गटाच्या माणसाला ओचीच चालते. आईचा ओ निघाला.

वाडीत बायका आईला भेटायला आल्या. एक म्हणाली, "एकीवर कशी जगशील गो? अर्धं अंग जाईल."

आई म्हणाली, "त्याला पोटात ठेवला तवा माझं सगळंच वापरत होता. आता एकच मागतोय."

आई मुंबईला गेली आणि मी कॉलेज बुडवून म्हैस-शेळ्यांसाठी वाडीवर राहिलो. ऑपरेशनचा दिवस माहीत होता. फोन फक्त खाली पोलादपूरच्या बाजारात, किराणाच्या दुकानात. दादाच्या खोलीत राहणारा आमच्याच वाडीचा एक जण इस्पितळातून तिथे फोन करणार होता. शेळ्या टाकून मी जाऊ शकत नव्हतो. काकी म्हणाली, "मी जाते." तिचे गुडघे गेलेले. नको म्हटलं तर ऐकेना. "माझ्या तोंडानं झालंय, मीच जाते." सकाळी काठी टेकत उतरली.

मला माहीत होतं की नवी किडनी जोडली आणि तिच्यात रक्त खेळलं तरी ती चालली की नाही हे एकाच गोष्टीवरून कळतं. तेवढंच मी काकीला बजावलं होतं. "बाकी काही विचारू नकोस. लघवी झाली का, एवढंच विचार."

ती किडनी पुढे काही वर्षं चालली. दादा त्या काळात वाडीवर आला, झऱ्याचं पाणी ओंजळीने प्याला, एका शिमग्याला पालखीला नुसता हात लावून चालला. मग तीही थकली. आई आजही एका किडनीवर डोंगर चढते आणि त्याच्याविषयी बोलत नाही. पण मला थांबायचं आहे त्या दिवसापाशी.

ऊन कलत आलं होतं. शेळ्या वाळल्या गवतात पांगल्या होत्या आणि मी पायवाटेकडे तोंड करून बसलो होतो. खालच्या वळणावर काकीचं लुगडं दिसलं. ती थांबली. तिला वर यायला अजून बराच वेळ लागला असता, आणि तेवढा धीर तिच्यात नव्हता. तिने काठी उंच धरली आणि साऱ्या डोंगराला ऐकू जाईल अशी ओरडली,

"मुतला रे, मुतला! आयशीचं पानी मानवलं त्याला!"