एकशे एकोणपन्नास

समोर नवीन माणूस आला की वरच्या मजल्यावरचे काका आधी त्याच्या पायांकडे बघत. मग नजर सावकाश वर नेत. गुडघे, कंबर, खांदे, कपाळ. आणि म्हणत, "तुमची एकशे सत्तर."

माणूस गोंधळून जायचा. काय एकशे सत्तर? मग ते सांगत, "स्की. बर्फावर घसरायच्या पट्ट्या. तुम्हाला एकशे सत्तर सेंटिमीटरच्या लागतील."

जबलपूरच्या आमच्या गोरखपूर मोहल्ल्यात बर्फ म्हणजे रसवाल्याकडे गोणपाटात गुंडाळलेली लादी. तरी गल्लीतल्या प्रत्येकाला आपापला आकडा पाठ होता. भाजीवाला हातगाडी लावता लावता ओरडायचा, "काका, मेरा वही है ना, एक सौ तिरसठ?" तेही गॅलरीतून उत्तर द्यायचे, "पेट कम करो भैया, तो साठ में आ जाओगे!"

माझी होती एकशे एकोणपन्नास.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. नोकरी संपते, पण जे काम केलं ते हातातून सुटत नाही. काका फौजेत होते. काश्मीरकडे जवानांना बर्फावर चालायला, घसरायला शिकवत. मग जबलपूरला परत आले आणि आमच्या वरच्या मजल्यावर एकटे राहू लागले. काकू आधीच गेल्या होत्या. मुलगी पुण्याला दिलेली.

मी खाली शिवणकाम करते. फॉल, पिको, ब्लाउज. पहिल्यांदा ते माझ्याकडे आले ते एक लांबच लांब पिशवी घेऊन. चेन तुटली होती. आत त्यांच्या जुन्या स्की होत्या. मी पिशवी उलटी करून बघत होते, तर ते म्हणाले, "आधी कंबर बघ."

माझे कान गरम झाले. मान वर करवेना.

"काहून लाजून राहिली? हिची कंबर म्हणतो मी." त्यांनी स्की उभी धरली. मधे अरुंद, दोन्ही टोकांना रुंद. "ही बारीक असली की कडक बर्फ धरते, पण ताज्या भुसभुशीत बर्फात बुडते. रुंद असली की वर तरंगते, पण कडक बर्फावर ऐकत नाही. मधली घ्यायची. एकच जोडी, सगळ्या पहाडाला."

मला ते लगेच कळलं. असा एक ब्लाउज असतो, जो लग्नातही चालतो आणि भाजी आणायलाही. तो शिवणं सगळ्यात अवघड. तसं मी म्हटलं तर ते एवढे खूश झाले की जिन्यावरून वर जाता जाता सांगत होते, "चौथी शिकली म्हणते, पण समजली! अफसरांना दोन दोन दिवस लागायचे!"

मी कुणाशी फार बोलत नाही. पण माप घेताना माझं एक वाक्य ठरलेलं होतं. बायका टेप लावला की पोट आत ओढतात. मी म्हणायची, "श्वास सोडा ताई. टेपशी खोटं बोललं की ब्लाउज काचतो." काका ते वरून ऐकत आणि हसत.

दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत ते सकाळीच खाली आले. चेहऱ्यावर लहान पोराची लबाडी. पुण्याची नात तीनदा बर्फावर जाऊन शिकली होती. आता तिला स्वतःची जोडी हवी होती. काका तिच्या वाढदिवसाला ती देणार होते, तिला न सांगता. दिल्लीच्या दुकानदाराशी रोज फोन चाललेले. कंबर ठरली, टोकं ठरली, मधली, सगळ्या पहाडाची. राहिली फक्त लांबी. त्या जोडीत एकशे एकोणपन्नास होती आणि त्यावर थेट एकशे छप्पन.

"तिला उंची विचारली तर कळेल ना तिला. पण दिवाळीला ती तुझ्या शेजारी या दारात उभी होती. बरोबर तुझ्याएवढी, एक सूतही फरक नाही. म्हणजे एकोणपन्नास. तरी एकदा टेपने बघून घेऊ. एका डोळ्यात मोतीबिंदू आहे माझ्या. नजरेवर सोडायचं नाही, नातीची गोष्ट आहे. चल, भिंतीला लागून उभी राहा. चप्पल काढून."

आता इथे मला थांबावंसं वाटतं. पण लिहायला बसले आहे तर लिहिते.

थंडीत माझ्या टाचा फुटतात. साध्या नाही, रक्त येतं. त्याच आठवड्यात सदर बाजारातून एक बाई लेकीचा लेहंगा घेऊन आल्या होत्या. मशीनच्या पायट्यावरचे माझे पाय बघून म्हणाल्या, "दीदी, कपड़े में खून मत लगा देना." तेव्हापासून मी घरातही जाड तळव्याची रबरी चप्पल घालत होते आणि साडी जमिनीला टेकेल अशी नेसत होते.

मी भिंतीला उभी राहिले. काका टेप घेऊन खाली वाकायला लागले, टाचेशी टोक धरायला. वडीलधारा माणूस माझ्या पायाला हात लावणार, आणि तेही असल्या पायांना. मी घाईने टेप हातातून घेतला.

"खालचं टोक मी पायाखाली धरते काका. तुम्ही वरचं बघा."

"चप्पल काढलीस ना?"

"हो काका."

एवढंच. दोन शब्द. त्यांनी खाली पाहिलंसुद्धा नाही. माझी लाकडी पट्टी माझ्या डोक्यावर आडवी ठेवली, माझ्याच खडूने भिंतीवर रेघ मारली आणि टेप डोळ्यांजवळ नेऊन वाचला. मग चार बोटं खाली मोजली, स्की कपाळापर्यंतच यायला हवी म्हणून. पुन्हा वाचला.

"छप्पनकडे जातंय हे," ते हळूच म्हणाले.

मी साडीचा काठ चपलेवर ओढून घेतला.

"इतकी वर्षं तुला एकोणपन्नास म्हणून राहिलो मी." ते स्टुलावर बसले. "म्हणजे नजर गेली, बेटा. मला कळलंच नाही, कधी गेली ती."

तेव्हा सांगायला हवं होतं. साडी दोन बोटं वर उचलली असती तरी पुरे होतं, बोलावंही लागलं नसतं. मी म्हटलं, "चहा टाकू का?"

त्यांनी छप्पनची जोडी मागवली. त्यानंतर चार दिवसांनी भाजीवाल्याने खालून विचारलं, "काका, मेरा कितना?" ते म्हणाले, "अब नहीं दिखता, भैया." भाजीवाला हसला, त्याला थट्टा वाटली. मी मशीनवर बसून ऐकत होते.

पुढे नातीचा फोन आला तेव्हा ते माझ्याकडेच बसले होते. मला ऐकवायला त्यांनी फोनचा आवाज मोठा केला.

"आजोबा, एकदम झकास आहे! कडक बर्फ, नरम बर्फ, सगळीकडे चालते. बस थोड़ी लंबी पड़ रही है. वळताना मागे राहून जाते. पण मी शिकीन ना, तुम्ही टेन्शन नका घेऊ."

"लांब?"

"थोडीशीच, आजोबा."

"आता काय वापरून राहिली?"

"भाड्याची घेतली आहे. एकोणपन्नासची."

काकांनी फोन ठेवला. मी मशीनचा पायटा जोरात मारायला लागले, म्हणजे आवाजात बोलणं व्हायला नको. धागा संपला होता. सुई नुसतीच कापडात खालीवर होत होती. त्यांना ते दिसलं नाही.

"टेपसुद्धा वाचता येत नाही आता मला," ते म्हणाले. रागाने नाही. जसं कुणी लाइट गेली म्हणून सांगावं, तसं.

त्यांची नजर बरोबर होती. शेवटपर्यंत बरोबर होती. जगात हे एकटीला मला माहीत होतं.

मी सांगणार होते. संक्रांतीला तिळगूळ घेऊन वर गेले तेव्हा सांगणार होते. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा सांगणार होते. पण दिवस गेले तशी टाचांची लाज मागे पडली आणि न सांगितल्याची लाज तिच्यापेक्षा मोठी झाली. पहिल्या दिवशी ती दोन बोटांची होती.

पावसाळ्यात त्यांना दम लागायला लागला. मुलगी न्यायला आली. निघायच्या सकाळी मी वर गेले. चप्पल जिन्यातच काढून ठेवली. सामान बांधलेलं, ते पलंगावर बसलेले. मी त्यांच्यासमोर अनवाणी उभी राहिले, साडी जरा उचलून. पाय तसेच होते, काळे, चिरा पडलेले. मला वाटलं, ते पायांपासून बघतील आणि त्यांना आपोआप कळेल.

"काका, माझी किती?"

त्यांनी बघितलं. पायांकडे नाही, तोंडाकडे. हसले.

"तू सांगशील ती, बेटा. तुझं माप पक्कं असतं."

खालून मुलीने हाक मारली, "बाबा, चला, गाडी चुकेल." मी त्यांची पिशवी उचलली आणि जिना उतरले.

पुण्याहून थंडीत काका गेल्याचा निरोप आला. वर आता दुसरं बिऱ्हाड आहे. भाजीवाला अजून गॅलरीकडे एकदा बघतो आणि गाडी पुढे ढकलतो.

मी बायकांची मापं घेते. त्या पोट आत ओढतात. मी काही म्हणत नाही.

दिवाळीत भिंती रंगवायला पुताईवाला आला तेव्हा दाराजवळची तेवढी जागा मी सोडायला लावली. तो म्हणाला, "दीदी, दाग दिखेगा." मी म्हटलं, "दिखने दो." आज दुपारी दार लावून घेतलं, अनवाणी भिंतीला पाठ लावली आणि डोक्यावर पट्टी ठेवली. खडूची रेघ माझ्या वर आहे. दोन बोटं.