धर्माच्या डोक्याचा खर्च

पंचवीस वर्षं दवाखान्यात पुड्या बांधल्या, पैसा काही साठला नाही. किस्से मात्र पोत्यानं साठले! चार मित्र जमले, की त्यातला धर्माच्या डोक्याचा मला हटकून सांगायला लावतात.

मी ठाण्याला खाडीकाठच्या एका धर्मादाय दवाखान्यात कंपाउंडर होतो. कोपरीच्या मिठागरावरचा धर्मा होडीत गोणी रचत होता, तेव्हा डोलकाठी मोडून त्याच्या डोक्यात पडली. आमचे डॉक्टर बापूसाहेब म्हणाले, "कवटीला भोक पाडून आत साकळलेलं रक्त काढायला हवं."

धर्माच्या बायकोनं, गंगूबाईनं, विचारलं, "भोक तुमी पारनार, मंग बुजवनार कोन?"

"देव."

"मंग पैसं पन देवालाच देईन!"

बापूसाहेबांना इतकं हसू आलं, की कार्बोलिकच्या जंतुनाशक पाण्यानं धुतलेल्या हातांनीच त्यांनी डोळे पुसले. हात परत धुवावे लागले.

*

ऑपरेशन फुकट होतं. पंधरा दिवसांपुढचा खर्च मात्र घरच्यांनी द्यायचा, असा नियम. आणि नेमकी पंधरा दिवसांनी जखम पिकली, ताप चढला. डोक्यावर ठेवायला मुंबईहून आगगाडीनं बर्फ मागवला. त्याचा भाव ऐकूनच अंग गार पडावं!

धर्माचा भाऊ पांडू याला मी बजावलं, "सांभाळ हं, नासू देऊ नकोस."

तासाभरानं बघतो, तर पठ्ठ्यानं बर्फात पायलीभर मीठ ओतलेलं!

"मिठान ठेवला का काय पन टिकतं, भाऊ!"

जन्मभर मासळी मिठात टिकवलेला माणूस तो. बर्फ भराभर वितळला, पण पाणी असलं गार, की बोट बुडवून मी ओरडलोच. बापूसाहेबांनी तेच पाणी रबरी पिशवीत भरून, वर जाड फडकं गुंडाळून धर्माच्या डोक्यावर ठेवलं. दोन दिवसांत ताप उतरला.

*

मग दुधाचा खर्च. रोज दोन शेर लिहून दिलं होतं. तिसऱ्या दिवशी पांडूनं बाळकुमहून सासऱ्याची म्हैसच आणली आणि व्हरांड्याच्या खांबाला बांधली!

राउंडला निघालेले बापूसाहेब थबकले. "ही कोणत्या वॉर्डची?"

"हिचा चारा घरचा हाय, साहेब. हिचं बिल लावू नका!"

त्या म्हशीच्या दुधाचा चहा आम्ही सगळ्यांनी महिनाभर प्यायला. तसा चहा नाही आणि तशी माणसंही नाहीत आता. फार आठवण येते.

*

ताप गेला, पण धर्माची वाचाही गेली. डोळे उघडे, ओठ बंद. बापूसाहेब रोज सकाळी त्याच्याशी बोलून बघायचे. एक दिवस गंगूबाईला म्हणाले, "तू त्याला नावानं हाक मार. नाहीतर हा कायमचा मुका राहील."

नवऱ्याचं नाव घ्यायचं? चारचौघांत? बाई घामाघूम झाली. शेवटी भिंतीकडे तोंड करून ओरडली, "धर्मा!" आणि पदरात तोंड लपवून रडायला लागली.

धर्मानं मान वळवून तिच्याकडे बघितलं. बोलला मात्र नाही. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मलाही जेवण गेलं नाही.

*

अखेर त्याला तसाच मुका घरी न्यायचं ठरलं. निघायच्या दिवशी कारकून खाटेशी उभा राहून बिल वाचायला लागला. बर्फ. कापूस. कार्बोलिक. पांडूची मान खाली खाली चाललेली.

"ब्रँडी, अशक्तपणासाठी, रोज एक औंस, तीस दिवस."

खाटेवरून आवाज आला. घोगरा, अडखळत, पण स्वच्छ.

"ब्रँडी... मना... कंदी दिली?"

गंगूबाईनं हंबरडाच फोडला, आनंदाचा. पांडूनं कारकुनाला मिठी मारली. बापूसाहेबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि त्याच डोळ्यांनी ते माझ्याकडे बघत होते.

ब्रँडीच्या कपाटाची किल्ली माझ्या जानव्याला असायची!