मंगल कार्यालयातलं बुद्धिबळ

रेटिंग असलेल्या खेळाडूंकडून गुण काढल्याशिवाय आपल्याला रेटिंग मिळत नाही, आणि तसा खेळाडू आमच्या शहापूर तालुक्यात औषधालाही नव्हता. ते सगळे ठाणे, डोंबिवली, पुणे, नाशिककडे. स्पर्धाही तिकडेच. माझी भाची मुरबाडच्या पुढच्या गावातली, सुट्टीत माझ्याकडे यायची. मीच तिला पटावर बसवलं आणि आठवीत असतानाच ती मला हरवायला लागली. पुढे मी तिच्याशी खेळायचंच सोडलं. मास्तर माणसाने किती वेळा हरायचं?

अडचण होती माझ्या मेहुण्यांची, म्हणजे तिच्या वडिलांची. स्वतः बुद्धिबळाचे वेडे, पण मुलगी बारावीत गेली तरी म्हणायचे, "खेळाला माझी ना नाय. पन पोरीला चार दिवस परगावी? ते जमायचं नाय."

मला नकार सहन होत नाही. जेवता जेवता मी बोलून गेलो, "मग स्पर्धाच आमच्या शहापुरात आणतो!"

"आना," ते शांतपणे म्हणाले. "एकदाच. मिळालं रेटिंग तर मिळालं. नाय तर पट गुंडाळायचा." भाचीने माझ्याकडे पाहिलं.

जिल्ह्याच्या संघटनेला फोन केला. पलीकडून पहिला प्रश्न, "क्लब कोणता?" आता काय सांगणार? शहापुरात भजनी मंडळं होती, गोविंदा पथकं होती, पाड्यागणिक क्रिकेट मंडळ होतं. बुद्धिबळ मात्र ज्याचा ओटा रिकामा त्याच्या ओट्यावर. खेळणारे दोघे आणि चाली सांगणारे सात. ज्याला चाल आधी सुचेल त्याने ओरडायचं, हीच आमची रीत. शेवटी शाळेजवळच्या क्रिकेट मंडळाला गळ घातली. पोरं उत्साही. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या अध्यक्षाने आधी माइकवाला ठरवला.

"अरे, यात कॉमेंटरी नसते," मी ओरडलो.

"मंग पब्लिकला कलनार कसं, सर?"

"पब्लिकने गप्प बसायचं असतं."

त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. पण पठ्ठ्या मागे हटला नाही. पौष होता, लग्नं नव्हती, त्यामुळे शहापुरातलं मंगल कार्यालय सहज मिळालं. पंगतीची लांब टेबलं लागली. बाहेरून आलेल्या पंचांना बसायला साधी खुर्ची बरी दिसेना, तेव्हा पोरांनी नवऱ्यामुलाची लाल मखमली खुर्ची काढली. पंच बिचारे सगळी स्पर्धा त्या खुर्चीत अवघडून बसले.

रेटिंगवाले यावेत म्हणून मी फोनवर बक्षिसांपेक्षा जेवणाचंच जास्त सांगितलं होतं. आसनगाव स्टेशनवरून टमटम भरून माणसं आली. तांदळाची भाकरी आणि गावठी कोंबडी खाऊन दुपारच्या फेरीला भल्याभल्यांचे डोळे मिटायला लागले, आणि आमच्या गावच्या दोघातिघांनी तेवढ्यात गुणांवर हात मारून घेतला. भाचीचं नशीब असं, की तिच्या वाट्याला रेटिंगवाले यायचे ते सकाळी, चहा पिऊन ताजेतवाने. तिघांशी खेळली, तिघांशी हरली. शेवटच्या फेरीत समोर आले डोंबिवलीचे एक निवृत्त बँकवाले. त्यांचं रेटिंग चांगलं होतं. तेव्हाच्या नियमाने रेटिंगसाठी अशा खेळाडूंकडून निदान एक पूर्ण गुण लागायचा, आणि तिच्याकडे अजून शून्य होतं. बरोबरी झाली तर अर्धाच मिळणार, आणि तेवढ्याने भागणार नव्हतं.

त्या दिवशी मेहुणे आले. इस्त्रीचा शर्ट घालून भिंतीशी उभे राहिले. मला बरं वाटलं. मूर्खासारखं बरं वाटलं.

डाव तिच्या बाजूने झुकला होता. बँकवाल्यांनी घाईत चाल केली आणि त्यांचा हत्ती उघडा पडला. मला दिसलं. भाची दोन्ही हात मांडीवर ठेवून पटाकडे बघत होती. सगळं कार्यालय चिडीचूप. आणि भिंतीकडून ओट्यावरचा आवाज आला, "उंटानं हत्ती मार गो!"

पंच मखमलीतून उठले. घड्याळ थांबलं. मेहुण्यांना बाहेर जायला सांगितलं, बँकवाल्यांना वाढीव मिनिटं दिली, भाचीला ताकीद दिली. मेहुण्यांना तर आपलं काय चुकलं हेच कळेना. मी त्यांना दंडाला धरून दारात नेलं तेव्हा ते म्हणाले, "अरे, पन फुकटचा हत्ती होता!" मला त्यांचा इतका राग आला होता, की तोंड उघडलं असतं तर नातं तुटलं असतं.

बँकवाले भला माणूस. भाचीला म्हणाले, "घे बेटा, तुला दिसलाच होता." पंचांनीही मान डोलावली. घड्याळ पुन्हा सुरू झालं.

तिने हत्ती घेतला नाही. राजा एक घर बाजूला सरकवला. पुढे तासभर ती झगडली आणि डाव बरोबरीत सुटला.

अर्धा गुण. रेटिंग गेलं.

बाहेर मेहुणे चपलांच्या ढिगाजवळ उभे होते. कोणीतरी त्यांना सगळं सांगितलं असावं, कारण त्यांनी निकाल विचारला नाही. "तुला दिसला नव्हता का गो?"

"दिसला होता, बाबा. तुमच्या आधी दिसला होता."

"मंग घेतला का नाय?"

"घेतला असता तर तो तुमी घेतला असता."

ती टमटमकडे चालू लागली. मेहुण्यांनी तिच्या पाठीकडे पाहिलं. मग ते वळले आणि सरळ आत गेले. पंच घड्याळं खोक्यात भरत होते.

"साहेब, पुढची स्पर्धा कुठं हाय?"

"नाशिकला. पाच दिवसांची. का?"

"पोरीला घेऊन येतो," मेहुणे म्हणाले. "मी आत येनार नाय. बाहेरच बसंन."